शेतात गोफण, अंगणात दाणे

पौष महिन्यातली सकाळ. परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाच्या शिवारात जा. काळ्या रानात जोंधळा माणसाच्या उंचीला आलेला असतो आणि कणसे हुरड्यात आलेली असतात. शेताच्या मधोमध चार मेढींवर बांधलेला माळा असतो. त्यावर उभा राहून तुमच्याच वयाचा एखादा मुलगा मोठ्याने आरोळी देत गोफण फिरवतो. खडा सुटतो, आणि कणसांवर बसलेला पाखरांचा थवा भुर्रकन उडून जातो.

तोच मुलगा दुपारी घरी येतो. ओसरीवर आजी सुपात ज्वारी पाखडत बसलेली असते. खाली पडलेली कणी आणि चुरी ती मुठीने गोळा करते आणि अंगणात टाकते. चिमण्या टपूनच बसलेल्या असतात. त्या लगेच खाली उतरतात. आजी म्हणते, "खाऊ द्या रे, त्यांचाही वाटा असतोच."

आता सांगा मित्रहो, बरोबर कोण? सकाळी गोफण मारणारा नातू, की दुपारी दाणे टाकणारी आजी? पाखरू आपला शत्रू आहे की मित्र? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्याआधी आपण अंगणात शोधू. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि रोज दहा मिनिटे गप्प बसण्याची तयारी एवढे पुरे.

चोच पाहा, जेवण ओळखा

आपल्याकडच्या साध्या परसबागेत काय असते? एखादा शेवगा, कडीपत्ता, जास्वंद, पेरू, कोपऱ्यात सीताफळ आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली अळूची पाने. एवढ्या जागेत वर्षभरात वीस-पंचवीस जातींचे पक्षी येऊन जाऊ शकतात. ते सगळे एकच जेवण जेवत नाहीत, म्हणून त्यांचे भांडण होत नाही.

चिमणीची चोच आखूड, जाड आणि शंकूसारखी असते. दाणा फोडण्याचा तो अडकित्ताच आहे. मुनिया आणि सुगरण यांच्या चोचीही अशाच. शिंजीर हा अंगठ्याएवढा पक्षी. त्याची चोच लांब, बारीक आणि वाकडी असते. जास्वंदीच्या फुलातला मध तो तिने ओढून घेतो. हुदहुदाची चोच सुईसारखी लांब, कारण त्याला मातीत दडलेले किडे उपसायचे असतात. वेडा राघू तारेवर बसून उडत्या माश्या हवेतच झेलतो. बुलबुल आणि कोकीळ कडीपत्त्याच्या काळ्या फळांसाठी येतात. सातभाई टोळी करून पाचोळा उलथापालथा करीत फिरतात. साळुंकी मात्र माणसासारखी आहे. दाणा, फळ, किडा, उष्टे अन्न, तिला सगळे चालते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही अंगणात ज्वारी टाकलीत तर चिमण्या, होले, पारवे आणि साळुंक्या येतील. शिंपी, शिंजीर, दयाळ, वेडा राघू आणि कोतवाल त्या दाण्यांकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. म्हणजे दाणे टाकणे हे पक्ष्यांना जेवू घालणे खरे, पण ते फक्त एका पंगतीला. बाकीच्या पंगतींचे काय, ते पुढे पाहू.

चिमणीच्या पिलाला दाणा चालत नाही

चिमणी दाणे खाते हे तर पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण तिचे पिलू काय खाते? चिमणीचे घरटे दिसेल असे पण दूरचे ठिकाण पाहून दहा मिनिटे बसा. नर आणि मादी आळीपाळीने चोचीत काहीतरी घेऊन येतात. नीट पाहा. चोचीत हिरवे, लोंबणारे काही असेल तर ती अळी आहे. तपकिरी, फडफडणारे असेल तर पतंग किंवा नाकतोडा. पिले लहान असताना दाणा क्वचितच दिसेल.

याचे कारण सोपे आहे. अंड्यातून बाहेर पडलेले उघडे-बोडके पिलू जेमतेम पंधरा दिवसांत पिसे फुटून उडण्याजोगे होते. एवढ्या वेगाने अंग वाढवायचे तर प्रथिने हवीत, आणि ती अळ्या-किड्यांत भरपूर असतात. कोरडा, कठीण दाणा त्या कोवळ्या पोटाला पेलत नाही. म्हणून दाणे खाणारी चिमणी आई झाली की शिकारी बनते. बुलबुल फळे खातो, शिंजीर मध पितो; पण पिलांसाठी तेही किडे आणि कोळी पकडतात. होला आणि पारवा हे याला अपवाद. त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा एक स्राव तयार होतो आणि पिलांना सुरुवातीला तोच मिळतो.

आता थोडे गणित करू. समजा, दहा मिनिटांत चिमण्यांची जोडी चार वेळा खाऊ घेऊन आली. म्हणजे तासाला चोवीस खेपा. दिवसाचे दहा तास धरले तर दोनशे चाळीस खेपा. हा आकडा आपण कल्पनेने घेतला आहे. तुमच्या घरट्याचा आकडा तुम्ही मोजून काढा. मग एका घरट्यामागे तुमच्या परसातल्या किती अळ्या कमी होतात याचा अंदाज तुम्हालाच येईल.

हे गणित न मांडल्याची किंमत एका देशाने मोजलेली आहे. १९५८ साली चीनमध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम निघाली. त्या धान्य खातात, म्हणून त्या शेतीच्या शत्रू असे ठरले. आपल्या घरचिमणीची ही तिकडची चुलत बहीण. लोकांनी ढोल आणि थाळ्या बडवून चिमण्यांना खाली बसूच दिले नाही. उडून उडून थकलेल्या चिमण्या जमिनीवर पडून मेल्या. घरटी मोडली, अंडी फोडली. पण चिमण्या गेल्या तशा पिकांवरच्या किडी वाढल्या. शेवटी १९६० मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तिथे ढेकणाचे नाव घालावे लागले. त्या काळात चीनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्याची कारणे अनेक होती, पण चिमण्यांच्या संहाराने त्यात भरच पडली.

भोरड्यांची दोन रूपे

आता पुन्हा आपल्या माळ्यावर येऊ. ज्वारीच्या रानात सगळ्यांत मोठा थवा कोणाचा असतो? भोरड्यांचा. गुलाबी अंग, काळे डोके आणि काळे पंख असलेली ही साळुंकीची नातलग. ढगासारखा थवा वळतो, पसरतो, पुन्हा गोळा होतो आणि कणसांवर उतरतो. माळ्यावरच्या मुलाला तो शत्रू वाटला तर त्यात त्याची चूक नाही. घरची वर्षभराची भाकरी त्या रानात उभी असते.

पण भोरडी इथली नव्हे. ती मध्य आशियाच्या बाजूने येते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिचे येणे सुरू होते आणि एप्रिलपर्यंत ती परत जाते. जाण्यापूर्वी पळस आणि पांगारा फुललेला असतो. त्या फुलांतला मध पिताना ती परागकण इकडून तिकडे नेते. आणि तिकडे, आपल्या मूळ घरी, ती पिलांना काय भरवते? टोळ आणि नाकतोडे! चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोक भोरड्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांना जागा करून देतात. ज्या देशाने एकदा चिमण्यांवर मोहीम काढली, त्याच देशात आज भोरडीला घर बांधून मिळते. पक्षी तोच. परभणीच्या शिवारात त्याच्या चोचीत जोंधळा आहे, शिंच्यांगच्या कुरणात टोळ.

आपल्याकडेही हे शहाणपण शेतीत आलेले आहे. हरभऱ्याच्या रानात इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या काठ्या रोवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना पक्षी थांबे म्हणतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ शेतकऱ्यांना असे थांबे लावायला सांगतात. कोतवाल आणि साळुंकी त्यांवर बसतात आणि हरभऱ्याचे घाटे पोखरणारी अळी टिपतात. काही शेतकरी हरभऱ्याच्या पेरणीतच थोडे ज्वारीचे दाणे टाकतात. उभे राहिलेले ज्वारीचे ताटच मग आयता थांबा होते.

म्हणजे पाहा, ज्वारीच्या रानात पाखराला हाकलायचे आणि शेजारच्याच हरभऱ्यात त्याला बसायला पाट मांडायचा! यात विसंगती नाही. पाखरू शत्रू की मित्र, हे ते कोठे, कोणत्या महिन्यात आणि चोचीत काय घेऊन बसले आहे, हे पाहिल्यावरच ठरते. म्हणून आधी निरीक्षण, मग निवाडा.

पाणी आधी, दाणा नंतर

पक्ष्यांसाठी एकच गोष्ट करायची असेल तर काय करावे? आमचे उत्तर आहे, पाणी ठेवा. आणि मराठवाड्यात तर आधी पाणीच. का, ते समजून घ्या.

आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस असते. चिमणीचे सुमारे ४१ अंश. हवा शरीरापेक्षा थंड असेल तर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. पण मे महिन्यात परभणीचा पारा ४४ अंशांवर चढतो. तेव्हा हवाच चिमणीपेक्षा गरम! उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. अशा वेळी अंग थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाण्याची वाफ करणे. माठातले पाणी याच तत्त्वाने गार होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते.

आपल्याला घाम येतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नाहीत. म्हणून दुपारी कावळा आणि साळुंकी चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसतात. श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर पडते आणि अंग निवते. पण जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाच्या चिमणीच्या अंगात पाणी असे किती असणार? शिवाय तिचे अन्न म्हणजे कोरडा दाणा. अळी खाणाऱ्याला अळीतूनच पाणी मिळते, दाणे खाणाऱ्याला ते प्यावेच लागते. म्हणून तुमच्या पाण्यावर चिमण्या आणि होले वारंवार येतील.

पाण्यासाठी मातीचा पसरट परळ सर्वांत चांगला. कडेला दोन बोटे पाणी असावे. मध्ये एखादा खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला उभे राहता येते. परळ सावलीत ठेवा, पण दाट झुडपाला चिकटून नको. तिथे मांजर दबा धरून बसते. पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासून घ्या. पाणी आठवडाभर तसेच राहिले तर पक्ष्यांआधी डासांची पिले तयार होतील.

परळाजवळ आणखी एक गंमत पाहता येईल. चिमणी चोचीत थेंब घेते आणि मान वर करून गिळते. होला मात्र चोच बुडवून, मान न उचलता सलग पाणी ओढतो. किती जातींचे पक्षी कसे पाणी पितात याची यादी करून पाहा.

दाणे ठेवताना

ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी हे सगळे चालते. पिकलेल्या केळीचा किंवा पपईचा तुकडा ठेवला तर बुलबुल येईल. पण खारे फरसाण, चिवडा, तिखट आणि बुरशी आलेली भाकरी ठेवू नका. बुरशीचे विष धान्यात भिनते. दाणे मूठभरच ठेवा, सकाळी खाऊन संपतील एवढेच. ढिगाने टाकले तर पारव्यांची गर्दी होते, लहान पक्षी मागे हटतात आणि विष्ठेची घाण साचते.

घाण हा साधा प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये घराघरांत बागेतल्या पक्ष्यांना दाणे ठेवण्याची मोठी हौस आहे. तिथे २००५ पासून हिरव्या रंगाच्या ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांत घशाचा एक रोग पसरला. आजारी पक्ष्याच्या चोचीतून पडलेला ओला दाणा दुसरा पक्षी उचलतो आणि रोग त्याच्याकडे जातो. काही वर्षांतच तिथल्या ग्रीनफिंचची संख्या फार घटली. मायेने मांडलेले ताटच रोगाचे घर बनले. म्हणून दाण्यांचे भांडेही धुऊन, उन्हात वाळवून मगच पुन्हा वापरावे. एखादा पक्षी पिसे फुगवून मलूल बसलेला दिसला तर काही दिवस दाणे बंद करावेत.

आणि आता सर्वांत महत्त्वाची सूचना. मृगाच्या पेरणीनंतर पिशवीत थोडे बियाणे उरते. ते गुलाबी, लाल किंवा हिरव्या रंगाचे दिसते. तो रंग शोभेचा नाही. बियाण्याला औषध चोळले आहे, ते खाऊ नये, अशी ती खूण आहे. पण चिमणीला ही खूण वाचता येत नाही. उरलेले बियाणे अंगणात, उकिरड्यावर किंवा बांधावर कधीही फेकू नका. घरात कोणी फेकत असेल तर त्यांना थांबवा आणि ते मातीत खोल पुरायला लावा. त्या रिकाम्या पिशवीत पक्ष्यांसाठी दाणेही भरून ठेवू नका. वर्षभर दाणे टाकून तुम्ही जेवढे पुण्य जोडाल ते एका मुठीने नाहीसे होईल.

खरी पंगत झाडावर

किडे खाणाऱ्या पंगतीचा प्रश्न आपण मागे ठेवला होता. त्यांच्यासाठी ताट वाढायचे नसते, वाढलेले ताट उचलायचे नसते. परसातल्या जास्वंदीवर चार अळ्या दिसल्या की फवारणीचा पंप काढू नका. त्या अळ्या म्हणजेच शिंप्याच्या आणि चिमणीच्या पिलांचे दूध-भात. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसून आले की पिलांना किडे कमी मिळाले तर पिले कमी जगतात. दाणे टाकून ही उणीव भरून निघत नाही.

कोपऱ्यात थोडा पाचोळा राहू द्या, तिथे सातभाई येतील. जास्वंद लावा, शिंजीर येईल. कडीपत्त्याची सगळी फळे झाडू नका, कोकीळ येईल.

आणि घर? मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे चिमण्यांना फार सोयीची होती. तुळयांच्या फटी, भिंतीतल्या देवळ्या, ओसरीचे आढे, या साऱ्या जागा घरट्यासाठी आयत्या मिळत. सिमेंटच्या गुळगुळीत घरात फटच नाही. म्हणून लाकडी फळ्यांची पेटी करून भिंतीला लावा. तिचे तोंड ३२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वा इंच व्यासाचे गोल भोक असावे. त्याहून मोठे केले तर साळुंकी बळकावते. पेटी तीन मीटर उंचीवर आणि पश्चिमेचे ऊन लागणार नाही अशी लावा. पत्र्याची पेटी करू नका. उन्हाळ्यात तिची भट्टी होते. एक मात्र लक्षात ठेवा. घरट्यात डोकावायचे नाही, पिलांना हात लावायचा नाही, आणि पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात तर नाहीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

वहीत काय लिहाल?

सालिम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९३० साली ते कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, समुद्रकाठच्या किहीम गावी राहत होते. हातात नोकरी नव्हती. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ते रोज तिथे बसत आणि पाहिलेले लिहून ठेवत. त्यातून एक नवी गोष्ट कळली. सुगरण नर अर्धवट घरटे विणतो. माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते. मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. हा शोध कोणत्याही प्रयोगशाळेत लागला नाही. तो घराजवळच्या झाडाखाली, वहीत लागला.

तुमच्या वहीत तारीख, वेळ, हवा, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, एवढे लिहा. नाव येत नसेल तर चोच, रंग आणि शेपटी यांचे चित्र काढा. रोज त्याच वेळी, तेवढीच दहा मिनिटे बसा. नाहीतर आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडता येणार नाही.

एक प्रयोगही करा. सारखेच दोन परळ घ्या. एकात ज्वारी, दुसऱ्यात बाजरी, दोन्ही मोजून एक-एक वाटी. ते मीटरभर अंतरावर ठेवा आणि संध्याकाळी उरलेले धान्य मोजा. दुसऱ्या दिवशी परळांच्या जागा बदला. का बदलायच्या? पक्ष्यांनी धान्य निवडले की केवळ सुरक्षित जागा निवडली, हे त्याशिवाय कळत नाही. आठवडाभराच्या आकड्यांचा आलेख काढून विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा.

अशा वह्यांना मोल असते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हौशी निरीक्षकांनी केलेल्या सुमारे एक कोटी नोंदींवर तो उभा होता. चिमणी देशातून नाहीशी होत चालली आहे असे सगळे म्हणत होते. नोंदी म्हणाल्या, मोठ्या महानगरांत ती घटली आहे हे खरे, पण देशभराचा विचार करता तिची संख्या बऱ्याच अंशी टिकून आहे. केवळ ऐकीव गोष्टींवरून हे कळले नसते. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस परसबागेतल्या पक्ष्यांची जगभर मोजणी होते, आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्यातला पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. तुमच्या शाळेच्या आवारातल्या पक्ष्यांची पहिली यादी या आठवड्यात करायला काय हरकत आहे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या. माळ्यावरचा नातू बरोबर होता, कारण दोन महिने उभे पीक राखले नाही तर घरात भाकरी येणार नाही. ओसरीवरची आजीही बरोबर होती. तिच्या अंगणातल्या चिमण्याच पुढे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पिलांसाठी अळ्या वेचणार होत्या. गोफणीतला खडा पाखरू उडवण्यासाठी असतो, मारण्यासाठी नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होते. आपण तेवढे ध्यानात ठेवू.

उद्या सकाळी परळ भरा, चार पावले मागे सरून बसा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला. सगळ्यांत आधी पाण्यावर कोण आले, ते लिहा.